ढील दे नवरी

डिसेंबर सरत आला की आमच्या नाक्यावर दोरी घासणारे येतात. रस्त्याच्या कडेला दोन खांब रोवतात, त्यांच्यामध्ये पांढरा दोरा जाऊन-येऊन ताणतात, आणि सरस, रंग आणि दळलेली काच यांचा लगदा मुठीत धरून त्या दोऱ्यावरून हात फिरवत चालत राहतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलट. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात. दोरा गुलाबी होत जातो आणि संध्याकाळपर्यंत चिंध्या लाल होतात. हे दोन रंग जवळचे आहेत, पण एक नाहीत. मी रोज तिथून भाजी घेऊन जातो आणि रोज बघतो.

संक्रांतीला इथे उतराण म्हणतात. आमच्या खानदेशात संक्रांत म्हणजे तीळ, गूळ आणि 'गोड बोला'. सुरतेत त्याच दिवशी सगळं शहर गच्चीवर चढतं आणि एकमेकांचे पतंग कापतं. कापलं की ओरडतं, "काइपो छे!" यात राग नसतो, असं इथले लोक सांगतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरं आहे. पण दोऱ्याला ते माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी विजेच्या तारांवर कबुतरं उलटी लटकलेली असतात. स्कूटरवरून जाणाऱ्याच्या गळ्याला दोरा लागला की माणूस आधी थांबतो, मग गळ्याला हात लावतो, आणि मग त्याला कळतं. असे किती जातात याचे आकडे लोक चहाच्या टपरीवर बिनधास्त फेकतात. ऐकीव आकडा मी देत नाही. मी स्वतः एकाला पाहिलं आहे, आणि तेवढं पुरे आहे. आता मी माझ्या गाडीला पुढे तारेची कमान बसवून घेतली आहे आणि जानेवारीभर गळ्याला मफलर गुंडाळतो. मुलगी हसते. म्हणते, "पप्पा, थंडी कुठे आहे?" थंडीसाठी कोण बांधतंय!

या दिवसांत मला एक गाणं आठवतं. ते गाणं आता कुठेही मिळणार नाही. त्याची एकच कॅसेट होती.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही लिंबायतला राहत होतो. मुलगी तेव्हा धरून धरून उभी राहायची, त्यावरून मी शहाण्णवचा जानेवारी धरतो. सिंधू, म्हणजे माझी बायको, सत्त्याण्णव म्हणते. ती चुकते, पण वाद मिटलेला नाही. खाली माग आणि वर बिऱ्हाडं अशी आमची ओळ होती. सुरतेत मागाच्या शेडला खातं म्हणतात. मी अशाच एका खात्यात कापड तपासून मोजायच्या कामावर होतो, आणि सिंधूचा धाकटा भाऊ गोकुळ त्याच खात्यात माग चालवायचा. तो आमच्याकडेच राहायचा आणि मला दाजी म्हणायचा. मागावर धोटा इकडून तिकडे इतक्या वेगाने जातो की डोळ्याला दिसत नाही, फक्त आवाज येतो. तो कधी कधी मार्ग सोडून उडतो. त्याच हिवाळ्यात एकाच्या तोंडावर बसला आणि त्याचे पुढचे दात गेले. त्या माणसाने दात उचलून खिशात ठेवले, तोंडाला फडकं लावलं आणि पाळी संपेपर्यंत माग चालवला. त्याला कुणी शाबासकी दिली नाही आणि घरीही पाठवलं नाही. आमच्याकडे मार हा असा रोजच्या जेवणासारखा होता, म्हणून पुढचं सांगताना मी आवाज चढवणार नाही.

गोकुळची बोटं लांब होती. तुटलेला तार जोडायची गाठ तो अशी मारायचा की तपासताना मला ती सापडायची नाही, आणि न सापडणं हीच तिची परीक्षा होती. त्याच बोटांनी तो गिटार वाजवायचा. लग्नातल्या एका ऑर्केस्ट्राने टाकून दिलेली गिटार होती, एका बाजूने तडकलेली. स्टेशनजवळच्या कॅसेटवाल्याकडून तो इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी आणायचा. मंद गिटार, हळू ठेका, आणि गाणारा आपल्या कानाशी येऊन बोलतोय असा आवाज. डबीवर कॅसेटवाल्याने चिठ्ठी चिकटवलेली होती, 'सॉफ्ट रॉक'.

मी विचारलं, "रॉक म्हणजे खडक ना? मग मऊ खडक कसा?"

"दाजी, पावसात भिजलेला मुरूम समजा," तो म्हणाला. आणि मग, "ऐका तर."

दिवसभर मागाचा खडखडाट ऐकलेल्या कानांना ते गाणं म्हणजे कुणीतरी कानात कोमट तेल सोडावं तसं होतं, हे मी कबूल करतो. शब्द एकही कळला नाही.

त्याच हिवाळ्यात, खात्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो मला एका इंग्रजी सिनेमाला घेऊन गेला. अंतराळातला सिनेमा होता, हिंदीत बोलणारा. एक मोठं यान घरापासून फार लांब अडकलेलं असतं आणि त्यातली हवा संपत आलेली असते. मध्यंतरापर्यंत यानातली माणसं त्या हवेसाठी एकमेकांना मारून संपतात. कुणाला भिंतीवर आपटून, कुणाला दरवाजात चेंगरून, कुणाच्या तोंडावरची नळी ओढून. शेवटी एक नवरा-बायको उरतात. नवरा यानाबाहेर जातो, कमरेला लांब दोर बांधून, आणि त्या दोराचं चाक आत बायकोच्या हातात असतं. हवा एकालाच पुरेल एवढी आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. तो बाहेरूनच काचेतून तिच्याकडे बघतो, सुरी काढतो आणि दोर कापतो.

त्या क्षणी अख्ख्या थिएटरने आरोळी ठोकली, "काइपो छे!"

शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी रुमाल फिरवला. मीही हसलो. बाजूला गोकुळ मात्र खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. बाहेर आल्यावर रिक्षासाठी थांबलो तेव्हा तो म्हणाला, "दाजी, त्यानी दोरी कसाले कापी?"

घरात आम्ही अहिराणीच बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो.

"हवा एकापुरतीच होती ना," मी म्हणालो.

"पण चाक तिच्या हातात होतं. तिला विचारलं का त्यानं?"

"विचारायला वेळ कुठे होता?"

"होता. एवढा वेळ बघत बसला काचेतून. विचारायचं होतं. तिनं ढील दिली असती."

पतंगाचा पेच लागला की दोन वाटा असतात. एक खेच, दुसरी ढील. खेचणारा झटक्यात कापतो किंवा कापला जातो. ढील देणारा दोर सोडत राहतो, पतंग लांब लांब जातो, पण हातातून सुटत नाही. मी त्याला सांगितलं की ढील देऊन हवा वाढत नाही, हिशेब तोच राहतो. तो म्हणाला, "तुम्ही हिशेबच करा."

मग आठ-दहा दिवस तो कामावरून आला की गच्चीवर जायचा. खाली खात्यात तुटलेलं जोडायचं आणि वर गच्चीवर जोडलेलं तोडायचं, एकाच दोऱ्याची ही दोन गावं, असं काहीतरी मला एकदा म्हणाला. आणि एके दिवशी गाणं तयार झालं. अहिराणी शब्द आणि चाल त्या मऊ खडकाची.

*मी आभायमा एकला,*
*तुना हातमा दोर,*
*ढील दे, मनी नवरी, ढील दे,*
*कापू नको.*

मी आभाळात एकटा, तुझ्या हातात दोर, ढील दे, माझ्या नवरी. सिनेमातला माणूस जे बोलला नाही ते गोकुळने त्याच्या तोंडी घातलं होतं. ऑर्केस्ट्रातल्या दोन मित्रांना घेऊन त्याने ते खात्यातच कॅसेटवर भरलं, सुट्टीच्या दिवशी, कारण बाकी दिवशी तिथे गाण्याचा एक सूर टिकला नसता. तरी शेजारचं कुणाचं तरी खातं चालू होतंच. कॅसेटमध्ये गिटारच्या मागे लांबून माग वाजतो, खट-खट, खट-खट. गोकुळ म्हणाला, राहू दे, ड्रमवाल्याचे पैसे वाचले.

गाण्यातली नवरी कोण, हे सिंधूला माझ्याआधी कळलं.

आमच्या ओळीच्या पाठीला पाठ लावून गुजराती बिऱ्हाडांची ओळ होती. दोन्ही गच्च्यांमध्ये गुडघ्याएवढा कठडा. पलीकडे हंसा राहायची. आई-वडील, आणि थोरला भाऊ मनसुख, जो हिरे घासायच्या कारखान्यात होता. हंसा आणि सिंधू दोघी घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम करायच्या. हिवाळ्यात दुपारी कठड्याच्या दोन बाजूंना बसून, उन्हात पाय सोडून. ओळख झाली तीच एका शब्दावरून. पहिल्या दिवशी हंसाने कठड्यावरून डोकावून विचारलं, "भाभी, नवरा छो?"

सिंधू गावाकडून नवीनच आलेली. ती म्हणाली, "नवरा? कामावर गेला. तुला काय करायचाय माझा नवरा?"

गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा. नवरी म्हणजे रिकामी, काम नसलेली बाई. हंसा विचारत होती, रिकाम्या आहात का, येऊ का बसायला. खुलासा झाल्यावर दोघी इतक्या हसल्या की टिकल्यांची डबी सांडली. नंतर त्यांचा तो खेळच झाला. मी सुट्टीच्या दिवशी खाटेवर पडलेला दिसलो की हंसा कठड्यावरून म्हणायची, "भाभी, तमारो नवरो आजे नवरो छे!" वर्षभरात ती बरीचशी अहिराणी बोलायला लागली होती. गोकुळ गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून गिटार वाजवायचा. सिंधू म्हणाली, ढील दे वाजलं की हिची सुई थांबते. मी म्हटलं, दोरा संपत असेल. सिंधू म्हणाली, "दरवेळी त्याच ओळीला?"

ते दिवस कमूरत्याचे होते. संक्रांतीच्या आधीचा महिना गुजराती माणसं अशुभ मानतात, त्यात लग्नाचं बोलत नाहीत. उतराण झाली की कमूरता उतरतो. आणि तो उतरल्या-उतरल्या हंसाला बघायला भावनगरकडचे लोक येणार होते. मुलगा मनसुखच्याच कारखान्यातला होता आणि बोलणं जवळजवळ ठरलेलं होतं. गोकुळला त्याआधी तिला विचारायचं होतं. पण विचारायचं कसं? बोलायला समोर जावं तर मनसुख, चिठ्ठी द्यावी तर ती कुणाच्या हाती पडेल कोण जाणे.

म्हणून त्याने ठरवलं की उतराणीला गाणं भोंग्यावर लावायचं. त्या दिवशी प्रत्येक गच्चीवर गाणी वाजतात, आणखी एक वाजलं तर कोण लक्ष देतो. मराठी पोरं ऐकतील, गुजराती ऐकतील, पण ते कुणासाठी आहे हे तिला एकटीला कळेल. आणि सिंधू तिळगुळाचं ताट घेऊन कठड्याशी उभी राहील. हंसा येऊन तिळगूळ घेऊन गेली तर हो. नाही आली तर गाणं संपलं.

"आणि कुणाला कळलं तर?" सिंधूने विचारलं.

"कुणाला कळणार ताई? नवरी म्हणजे त्यांच्यात काही वेगळंच."

तो हसून म्हणाला. ते वेगळं काय आहे याचा विचार त्याने केला नाही. आम्हीही नाही केला. त्या शब्दावर आम्ही वर्षभर हसत होतो, त्याला धार असेल असं कुणाला वाटेल?

उतराणीचा दिवस. वारा चांगला होता. आकाशात पतंग इतके की खाली सावल्या हलत होत्या. उंधियूचा वास, जिलेबी, भोंगे, एकात एक मिसळलेली गाणी. प्रत्येक गच्चीवर बांबू, टोकाला बाभळीची काटेरी फांदी बांधलेली, कटलेला पतंग पकडायला. पलीकडे मनसुख पेच लढवत होता. त्याच्या बोटांना डॉक्टरी पट्टी होती. सगळे चांगले खेळणारे अशी पट्टी लावतात. दोरा खेचणाऱ्याला कापत नाही तो त्या पट्टीमुळे. त्याच्यामागे हंसा फिरकी धरून उभी होती.

गोकुळने कॅसेट लावली. गिटार सुरू झाली तेव्हा कुणी मान वर केली नाही. हंसाच्या हातातली फिरकी मात्र अडकली, आणि मनसुख वरच बघत म्हणाला, "ढील आप, ढील!" ढील दे. सिंधू ताट घेऊन कठड्याकडे निघाली.

आणि नेमका तेव्हाच आमच्या ओळीतल्या पोरांनी मनसुखचा पतंग कापला. तो तीन दिवसांपासून सगळ्यांचे कापत होता. पोरं वेडी झाली. कुणी थाळी बडवली, कुणी उड्या मारल्या, आणि भोंग्यावर जी ओळ चालली होती तीच त्यांनी उचलली. कठड्याशी येऊन, पलीकडे हात करकरून ओरडायला लागली, "ढील दे नवरी! ढील दे नवरी!" पतंग मनसुखचा होता, पण फिरकी हंसाच्या हातात होती. ते हात तिच्याकडेच होते.

आता हे त्या बाजूने ऐकून बघा. ढील म्हणजे सैल. नवरी म्हणजे कामधंदा नसलेली, मोकाट बाई. वीस-पंचवीस परके बाप्ये तुमच्या बहिणीकडे बोट करून हे ओरडतायत, नाचतायत, आणि वर भोंग्यावर तेच वाजतंय.

"कोने नवरी कहे छे, अल्या? कोने?" मनसुख ओरडला. कुणाला नवरी म्हणतोस रे?

पहिली वीट कुणी फेकली ते मी पाहिलं नाही. दुसरी आमच्याकडून गेली, ती पाहिली. मग काटेरी बांबू चालले. बाभळीची फांदी तोंडावर बसली की आवाज होत नाही, पण माणूस दोन्ही हातांनी चेहरा झाकून खाली बसतो आणि बोटांमधून रक्त यायला लागतं. उंधियूचं पातेलं उलटलं. चिक्की पायाखाली कुरकुरत होती. कुणीतरी कुणाचं डोकं पाण्याच्या टाकीवर आपटलं, टाकी ढोलासारखी वाजली, आणि त्याने पुन्हा आपटलं, जणू आवाज आवडला म्हणून. शेजारच्या गच्चीवरचा एक म्हातारा "मूकी दो, मूकी दो!" म्हणजे सोडा, सोडा, असं म्हणत मध्ये आला आणि त्याला दोन्ही बाजूंनी मार पडला. सिंधूने ताट कठड्यावर टाकलं आणि मुलीला काखोटीला मारून खाली पळाली. माझ्या कानावर एक बांबू बसला. त्या कानाने मला आज कमी ऐकू येतं. बांबूने गेला की मागाच्या आवाजाने, हे डॉक्टरलाही ठरवता आलेलं नाही, म्हणून मी तो कुणाच्या नावावर लिहीत नाही.

भोंगा खाली रस्त्यावर फेकला गेला. गोकुळ पळाला नाही, तो कॅसेट काढायला गेला. तिथे सापडला. टेपवर पाय पडला तेव्हा आत गाणं चालूच होतं. ते एकदम जाड झालं, मग ओढल्यासारखं झालं, मग थांबलं. चौघांनी त्याला कठड्याशी आणून गुडघ्यांवर बसवलं. तोंड आधीच फुटलेलं होतं. मनसुखने त्याचा डावा हात कठड्यावर दाबून धरला आणि आपल्या फिरकीतला दोरा त्याच्या बोटांना वेढला. गुलाबी दोरा, ताज्या काचेचा.

"आ ज आंगळीथी वगाडे छे ने?" याच बोटांनी वाजवतोस ना? "माफी माग. मारी बेनने नवरी कीधी, माफी माग." माझ्या बहिणीला नवरी म्हणालास.

गोकुळ म्हणाला, "गाळ नथी आपी. नवरी ज कीधुं छे." शिवी दिलेली नाही, नवरीच म्हणालोय.

त्याने खरं सांगितलं, आणि मनसुखला तो उद्दामपणा वाटला. त्याने दोरा ताणला. माझे हात दोघांनी मागे धरले होते, पण तोंड मोकळं होतं. तो शब्द काय आहे हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण सांगून काय झालं असतं? चुकीच्या अर्थाची शिक्षा म्हणजे मार, ती समोर दिसत होती. खऱ्या अर्थाची शिक्षा काय असेल, आणि ती कुणाकुणाला होईल, हे मला कळेना.

तेवढ्यात हंसा आली. फिरकी तिने टाकून दिली होती. कठड्यावर सिंधूचं ताट उपडं पडलं होतं, आजूबाजूला तिळाच्या वड्या, विटांच्या चुऱ्यात. तिने वाकून त्यातली एक उचलली. फुंकर मारली. तोंडात टाकली. तेवढ्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण गोकुळ बघत होता आणि मी बघत होतो.

मग तिने भावाच्या आणि गोकुळच्या मधला तो ताणलेला दोरा दोन्ही हातांनी धरला. उघड्या तळव्यांनी, पट्टी नाही, चिंधी नाही.

"नवरी एटले वहू," ती भावाला म्हणाली. नवरी म्हणजे बायको. तोंडात तीळ होते, म्हणून शब्द जड येत होते. "एनी वहू. हवे खेंच."

त्याची बायको. आता खेच.

मनसुखने खेचलं, की ते ऐकून त्याचा हात दचकून मागे गेला, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. मी त्याच्या हाताकडे बघत नव्हतो. दोरा सरकला एवढं खरं. आवाज कापड फाटल्यासारखा नव्हता, काहीच आवाज नव्हता. हंसाच्या दोन्ही मुठींतून आणि गोकुळच्या बोटांमधून एकदमच रक्त आलं आणि कठड्याच्या चुन्यावर पसरलं. कुणी हललं नाही. मारणारे होते तसे उभे राहिले. वर पतंग तसेच होते. आणि लांब कुठल्या तरी गच्चीवरून, आपल्याच आनंदात, कुणीतरी ओरडलं, "काइपो छे!"

त्या दिवसाला मी प्रेमाचा दिवस म्हणायला तयार नाही. ते गाणं ज्याने केलं त्याची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. गिटार कायमची भिंतीला लागली. तार जोडायची गाठ तो उजव्या हाताने आणि दाताने मारायला शिकला. ती आता तपासताना सापडते, आणि कुणी सापडली असं म्हणत नाही. हंसाच्या दोन्ही तळव्यांवर एकेक आडवी रेघ आहे. हात बघणारा एकजण म्हणाला होता की अशी रेघ लाखात एकाला असते. ती म्हणाली, "मारी तो बे छे." माझ्या तर दोन आहेत. दोघं सुरतेतच, कोसाडला राहतात. लग्नाला तिच्या घरचं कुणी आलं नाही. मनसुखबद्दल मला पुढे जे कळलं ते ऐकीव आहे, म्हणून लिहीत नाही. गाणं हंसाला पाठ आहे. भाकरी थापताना गुणगुणते, आणि तिच्या तोंडी त्याची चाल जरा गरब्याकडे झुकते. गोकुळ दुरुस्त करत नाही.

तो सिनेमा मी नंतर एकदा टीव्हीवर पाहिला. शेवटी नवरा दोर कापतो तेव्हा आतली बायको दोन्ही हात काचेवर आपटते. थिएटरच्या आरोळीत ते आम्हाला दिसलंच नव्हतं. ती ओरडतेय, पण अंतराळात आवाज जात नाही. गोकुळचं बरोबर होतं, तिला विचारलं नव्हतं. पण ढील देऊन हवा वाढत नाही, हा माझा हिशेबही अजून चुकलेला नाही. त्या दिवशी कठड्यावर ढील कुणी दिली नाही आणि दोर कुणी कापलाही नाही. तिने तो मधेच धरला. पतंगाच्या खेळात याला नाव नाही.

जानेवारीत मफलर गुंडाळताना माझ्या डोळ्यांसमोर येतो तो मात्र दवाखाना.

मी दोघांना रिक्षात घालून नेलं. सरकारी दवाखान्याचा वऱ्हांडा त्या दिवशी असतो तसा भरलेला होता. गळे, कान, बोटं, गच्चीवरून पडलेली पोरं. कसं झालं, असं विचारल्यावर मी म्हणालो, मांजाने कापलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं आणि पुढचं कुणी विचारलं नाही. गोकुळला बाकावर बसवलं. हंसाने तिचे हात ओढणीत गुंडाळून पोटाशी धरले होते आणि ती त्याच्या शेजारी उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. पांढऱ्या साडीतली एक थोराड नर्स आली, तिच्या कपाळावर घाम होता, हातात पट्टीचा गुंडाळा. तिने गोकुळचा हात उलटसुलट करून पाहिला आणि हंसाकडे मान वळवून विचारलं, "तमे कोण?"

हंसा आयुष्यभर गुजराती बोललेली मुलगी. उत्तर गुजरातीत देणं सोपं होतं. तिने गोकुळकडे पाहिलं आणि म्हणाली, "नवरी."

नर्सने पट्टीचं मोकळं टोक तिच्यापुढे केलं.

"नवरी हो तो आ पकडो जरा," ती म्हणाली. रिकामी असशील तर हे धर जरा.

गोकुळच्या फुटलेल्या ओठांतून हसू फुटलं आणि त्याबरोबर रक्त. हंसाने ओढणीतून हात काढला, आणि ते टोक धरलं.